तिसऱ्या लेव्हलवरच्या नोंदी: एलएचडीला स्वतःची जागा कळावी म्हणून

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

आज पहिल्यांदा मोजमापाची पेटी घेऊन खाली उतरलो. भंडारा जिल्ह्यातली मँगनीजची भूमिगत खाण, पहिली पाळी, तिसरी लेव्हल. लॅम्प रूममध्ये टोकन जमा केलं, कॅप लॅम्प लावला आणि केजमध्ये, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, उभे राहिलो. २०१९ पर्यंत आपल्याकडे बाईला भूमिगत कामावर घेता येत नव्हतं. त्या वर्षी परवानगी मिळाली, पण दिवसाउजेडीच्या वेळेपुरतीच. म्हणून माझ्यासाठी पहिली पाळी ठरली आहे आणि दुपारी दोनच्या आत जे मोजून होईल तेवढंच आमचं.

काम असं: एलएचडी, म्हणजे खनिज उचलून, वाहून नेऊन ओतणारं बुटकं लोडर, स्वतः कुठे आहे हे तिला कळलं पाहिजे. ती पुढे आपोआप चालेल की नाही हा नंतरचा प्रश्न. ब्लास्टिंगनंतर छत सैल असतं, धूर असतो, आणि नेमकं तेव्हाच फेसवरचा, म्हणजे खोदकामाच्या टोकाचा, माल उचलायचा असतो. तिथे सीटवर माणूस नसावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मशीन एकटी पाठवायची तर ती कुठे पोचली हे आधी कळायला हवं. जमिनीवर हे जीपीएस सांगतं. इथे डोक्यावर एवढा खडक आहे की उपग्रहाचा क्षीण सिग्नल शाफ्टच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या, तोंडापाशीच संपतो.

या टप्प्यात मशीनच्या कुठल्याही नियंत्रणाला हात लावायचा नाही, असं आम्ही लिहून दिलं आहे. पेटीने नुसतं पाहायचं आणि नोंदवायचं. पेटीत सोळा किरणांचा लायडर (लेसरने चहूकडची अंतरं मोजणारं यंत्र), एक एमईएमएस आयएमयू (हलणं आणि फिरणं टिपणारा चिपवरचा संवेदक), छोटा संगणक आणि बॅटरी.

गॅलरी, म्हणजे आडवा बोगदा, शाफ्टपासून फेसपर्यंत साधारण २४० मीटर आहे. पहिले ५० मीटर स्टीलच्या कमानी, मीटरमीटरवर एक, मागे काँक्रीट. त्यापुढे उघडा खडक. तीन क्रॉस-कट, म्हणजे बाजूला फुटणारे फाटे. जमीन ओली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज खाली गेलो नाही. दिवस घड्याळं जुळवण्यात गेला.

लायडर आणि आयएमयू यांची घड्याळं वेगवेगळी. जमिनीवर लायडरला जीपीएस रिसीव्हर जोडतात, त्याच्याकडून दर सेकंदाला एक ठोका मिळतो आणि सगळी यंत्रं त्या ठोक्यावर चालतात. आमच्याकडे तो ठोका देणारं कोणी नाही. शेवटी एका मायक्रोकंट्रोलरला जीपीएसचं सोंग घ्यायला लावलं: दर सेकंदाला एक पल्स, त्यामागोमाग जीपीएसच्याच धाटणीची वेळेची ओळ, आणि तोच पल्स आयएमयूच्या नोंदीतही. लायडरला वाटतं उपग्रह दिसतो आहे.

हे एवढं कशासाठी, असं धाकट्या सहकाऱ्याने विचारलं. त्याला फळ्यावर मांडून दाखवलं. मशीन वळताना सेकंदाला ३० अंश फिरते असं धरू. घड्याळांत २० मिलिसेकंदांचा फरक असेल तर दिशेत ०.६ अंशाची चूक. वीस मीटरवरची भिंत त्यामुळे एकवीस सेंटिमीटर सरकलेली दिसते. प्रत्येक वळणावर भिंत दुहेरी उमटेल, आणि आपण दोष लायडरला देत बसू.

२९ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यातून ४१ जण बाहेर आले. सतरा दिवस अडकले होते. आज पिट-टॉपवर, म्हणजे खाणीच्या तोंडाशी, दुसरा विषयच नव्हता, केजच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात तेच व्हिडिओ. ऑगर मशीन पाइपात तुटून अडकली आणि शेवटचे काही मीटर माणसांनी हाताने खोदून काढले, हे सांगताना मेट भाऊंचा (खाणीतले मुकादम) आवाज भरून आला होता. "आपलीच माणसं म्हणा ना मॅडम," एवढंच म्हणाले.

सर्व्हेअर साहेब मात्र दुसरंच बोलत होते. त्यांनी १९८९ ची राणीगंजची महाबीर कोलियरी काढली. खाणीत पाणी घुसलं, माणसं खाली अडकली. वरून नवीन भोक पाडलं आणि त्यातून एका माणसापुरती लोखंडी कॅप्सूल सोडून जसवंतसिंग गिल यांनी ६५ जणांना वर काढलं. गिल स्वतः आधी खाली उतरले होते. "कॅप्सूल सगळ्यांच्या लक्षात आहे," साहेब म्हणाले, "पण भोक गॅलरीतच उतरायला हवं होतं. दोन-चार मीटर इकडंतिकडं झालं असतं तर पिलरमध्ये, भरीव खांबात गेलं असतं. ते भोक कुठं पाडायचं ते नकाशानं सांगितलं."

त्यानंतर त्यांनी मला छतातली स्टेशनं दाखवली. छतात भोक पाडून लाकडी खुंटी ठोकलेली, तिला खिळा, खिळ्याला ओळंबा. इथला प्रत्येक सहनिर्देशांक त्या खिळ्यांवरून निघतो. आणि खिळ्यांचा सगळा डोलारा शाफ्टमधून सोडलेल्या दोन तारांवर उभा आहे. तारांना जड ओळंबे बांधायचे, झुलणं थांबावं म्हणून ते तेलाच्या बादलीत बुडवायचे, आणि वरची दिशा त्या दोन तारांमधून खाली आणायची. दोन तारांत अंतर दोनच मीटर. त्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर २४० मीटरवर ती बारा सेंटिमीटर होते.

आमच्या पेटीची परीक्षा या खिळ्यांवर होणार आहे. एक मिलिमीटरसाठी तेलाच्या बादलीजवळ तासभर थांबणाऱ्या माणसाला आपलं उत्तर दाखवायचं आहे, हे लक्षात ठेवायचं.

४ डिसेंबर, सोमवार

पेटी ट्रॉलीवर बांधून शाफ्टपासून फेसपर्यंत ढकलत नेली, परत आणली. फक्त लायडर आणि आयएमयू.

मला धास्ती होती उघड्या खडकाची. झालं उलट. ड्रिल-ब्लास्ट करून काढलेली भिंत खडबडीत असते, प्रत्येक वीतभर जागा वेगळी. एक स्कॅन दुसऱ्यावर बसवताना पकडायला असंख्य कोपरे मिळतात. तिथे चूक एकदोन वीत. घोटाळा झाला तो शाफ्टजवळच्या गुळगुळीत भागात. ५० मीटरचं अंतर पहिल्या फेरीत ४७ आलं, दुसऱ्या फेरीत ४६, तिसऱ्या फेरीत ५१.

आकडे पाहिल्यावर सुचलं: चूक प्रत्येक वेळी पूर्ण मीटरचीच आहे. कमानी मीटरमीटरवर. अल्गोरिदम पुढची कमान मागच्या कमानीवर बसवतो आणि त्याला वाटतं आपण हललोच नाही. कमानी हुबेहूब सारख्या असल्यामुळे जुळणी उत्तम दिसते, शिल्लक चूक अगदी कमी. म्हणजे आकडा चुकीचा आणि त्याबद्दलची खात्री मात्र पूर्ण. दिवसभरातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

आणखी एक: खनिजाची भिंत काळी आणि वर ओली. लायडरचा किरण तिच्यावरून फारसा परतत नाही, लांबचे बिंदू गळतात. बाजूचा गोंडाइट खडक त्या मानाने बरा दिसतो. गोंडाइट हे नाव फर्मर या भूवैज्ञानिकाने इथल्या गोंड लोकांवरून दिलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आज ट्रॉलीला हात लावणाऱ्या चौघांपैकी दोघे गोंडच होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा एकाने भिंतीला हात लावून पाहिला.

पाण्याची डबकी आरशासारखी वागतात. स्कॅनमध्ये जमिनीच्या खाली दुसरं छत दिसतं. जमिनीखालचे बिंदू सरळ टाकून द्यायचे.

७ डिसेंबर, गुरुवार

चाकावर एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, बसवला. सॅंड स्टोइंग चालू आहे, रिकाम्या स्टोपमध्ये (खनिज काढून झालेल्या पोकळीत) वाळू-पाणी सोडतात आणि त्यातलं पाणी निथळून गॅलरीत येतं. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं आणि एन्कोडर अंतर मोजत राहतो. दुसऱ्या क्रॉस-कटपाशी आठ मीटर फुकट मोजले गेले.

होकायंत्राची आशा पहिल्याच दिवशी सोडली. रूळ, पाइप, केबल, कमानी: सुई कुठेही वळते.

आयएमयूचा हिशोबही लिहून ठेवते. आमच्या जायरोचा (आयएमयूमधल्या, फिरणं मोजणाऱ्या भागाचा) कल तासाला दहाएक अंश सरकतो. सहा मिनिटांत एक अंश. एक अंश दिशा चुकली की शंभर मीटरवर पावणेदोन मीटर बाजूला. ट्रॉली थांबलेली असते तेव्हा फिरण्याचा वेग शून्यच असला पाहिजे, एवढं सांगितलं तरी कल बराच सावरता येतो. म्हणून दर फेरीच्या आधी दोन मिनिटं कोणीही ट्रॉलीला हात लावायचा नाही. आजपासून नियम.

१३ डिसेंबर, बुधवार

यूडब्ल्यूबी आलं. हे आखूड रेडिओ-ठोक्यांचं तंत्र आहे: मशीनवरचा टॅग भिंतीवरच्या अँकरला ठोका पाठवतो, अँकर उत्तर देतो, गेल्या-आल्याच्या वेळेवरून अंतर. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा दहा सेंटिमीटर हवे असतील तर एका नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा मोजायचा. स्वस्तातल्या घड्याळी क्रिस्टलवर चालणारी चिप हे करते, आणि दोन्हीकडच्या घड्याळांचा फरक फेऱ्यांमधून वजा करून टाकते. मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

अँकर लावायला घेतले तेवढ्यात ब्लास्टर भाऊ आले. "मॅडम, हे रेडिओ हाय ना? मंग होल भरताना बंद पायजे." इथे सुरुंग उडवायला विजेचे डिटोनेटर वापरले जात होते, आणि रेडिओलहरींमुळे त्यांच्या तारांत वीज उतरू शकते हे ते पक्कं जाणून होते. यूडब्ल्यूबीची शक्ती किती, हे मी त्यांना सांगितलं. दर मेगाहर्ट्झला उणे ४१.३ डीबीएम (हे रेडिओशक्तीचं माप), ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळून सदतीसेक मायक्रोवॉट. पण पेटीतलं वायफाय त्याच्या हजारो पट आहे, तेही त्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी-जास्त तुमी पाहा जी. माह्यासाठी बंद म्हंजे बंद."

बरोबर आहे त्यांचं. अँकरांची वीज एकाच स्विचवर आणली, स्विचची किल्ली होलमध्ये स्फोटकं भरण्याच्या वेळी त्यांच्या खिशात. लेखी.

१९ डिसेंबर, मंगळवार

हा दिवस सविस्तर लिहायचा आहे.

सहा अँकर लावले, तीसतीस मीटरवर, आलटून पालटून डाव्या-उजव्या भिंतीला. सर्व्हेअर साहेबांनी प्रत्येकाचा सहनिर्देशांक टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने) काढून दिला. मग नुसत्या यूडब्ल्यूबीवर जागा काढून पाहिली. नकाशावरचा ठिपका भिंतीतून आत-बाहेर करत होता. गॅलरी चार मीटर रुंद, आडवी चूक दीड मीटर. सहकारी हिरमुसला, अँकर आणखी घ्यावे लागतील म्हणाला.

अँकर वाढवून हे सुटणार नव्हतं. कागदावर त्रिकोण काढला. अँकर ३० मीटर पुढे आहे. ट्रॉली त्याच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर अंतर ३०.०१७ मीटर. आता ट्रॉली अर्धा मीटर आडवी सरकवा: ३०.०३७. अर्ध्या मीटरच्या सरकण्याने अंतर दोन सेंटिमीटरने बदललं, आणि यूडब्ल्यूबीची स्वतःची चूक दहा सेंटिमीटर. तिला ते दिसणं शक्यच नाही. खाण ही लांबट जागा. अँकर पुढे किंवा मागेच लागतात, बाजूला लांब कुठे लावायला जागाच नाही.

पण तीच ट्रॉली अर्धा मीटर पुढे न्या: अंतर अर्ध्या मीटरनेच बदलतं. म्हणजे गॅलरीच्या लांबीच्या दिशेने यूडब्ल्यूबी अचूक आहे. आणि लायडर? गुळगुळीत भागात त्याला लांबी कळत नाही, पण दोन्ही भिंती समोर दिसत असल्याने आडवं अंतर त्याला दोनतीन सेंटिमीटरपर्यंत कळतं. एकाला जे दिसत नाही तेच दुसऱ्याला स्पष्ट दिसतं. आंधळ्याने डोळस पांगळ्याला खांद्यावर घ्यावं, तसं.

तेव्हा आतापर्यंत जे करत होतो ते चुकीचं होतं. लायडरकडून "जागा" आणि यूडब्ल्यूबीकडून "जागा" घेऊन आम्ही त्यांची सरासरी काढत होतो. त्याऐवजी प्रत्येकाकडून तेवढंच घ्यायचं जे त्याला खरोखर कळतं. लायडरची जुळणी करताना प्रत्येक दिशेला तपासायचं: स्कॅन या दिशेने थोडा पुढेमागे सरकवला तर जुळणी बिघडते का? बिघडत असेल तर त्या दिशेची माहिती त्याच्याकडे आहे. बिघडत नसेल तर त्या दिशेत लायडरने गप्प बसायचं, आणि ती दिशा यूडब्ल्यूबी आणि चाकांवर सोडायची. ही तपासणी नवी नाही, रोबॉटिक्समध्ये तिच्यावर चांगलं काम झालेलं आहे. आमच्या गॅलरीत तिची गरज का आहे हे मात्र आज हाताने त्रिकोण काढल्यावर कळलं.

एक अडचण उरते. कमानींच्या भागात स्कॅन सरकवला तर जुळणी बिघडते, कारण कमानी पुढे आलेल्या आहेत. पण पूर्ण मीटर सरकवला की पुन्हा बसते. नुसती थोडं सरकवण्याची तपासणी या फसवणुकीला पकडू शकत नाही. म्हणून त्या ५० मीटरसाठी वेगळा नियम: लायडरचं लांबीचं उत्तर यूडब्ल्यूबीपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त वेगळं असेल तर ते घ्यायचंच नाही.

संध्याकाळी आजच्याच नोंदींवर नवा हिशोब चालवला. ५० मीटरचे ४९.९.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

तीन अँकर चिखलाने लडबडले होते. एक स्टोइंगच्या पाइपामागे गेला होता, पाइप कोणी बदलला ठाऊक नाही. अँकरची जागा बदलली नाही, पण समोरचा मार्ग बदलला. रोज पाळीच्या सुरुवातीला सहाही अँकर पाहून यायचे.

८ जानेवारी, सोमवार

पेटी प्रत्यक्ष एलएचडीवर चढली. विजेवर चालणारी, मागे केबल ओढणारी मशीन, सुटी करून शाफ्टमधून उतरवलेली आणि खाली जोडलेली.

एलएचडी चाकं वळवून वळत नाही. तिच्या मध्येच सांधा असतो, पुढचा अर्धा भाग मागच्याच्या तुलनेत वाकतो. पेटी पुढे लावली तर बकेट वर आली की लायडर आंधळा. मागे लावली तर तो मागच्या भागाचीच दिशा सांगणार, आणि बकेटचं टोक कुठे आहे हे सांध्याच्या कोनावरून काढावं लागणार. मागेच लावली, सांध्यावर कोन मोजणारा एन्कोडर बसवला. वळताना या मशीनची चाकं थोडी बाजूलाही घसरतात. सिडनीच्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं की घसरण हिशोबात धरल्याशिवाय एलएचडीचं गणित जुळत नाही. आजच्या पहिल्याच फेरीत ते पटलं.

कंपन भयंकर. आयएमयूच्या नोंदी ब्रशने रंगवल्यासारख्या जाड. रबरी पॅड लावले, थोडा फरक.

१६ जानेवारी, मंगळवार

कालची संक्रांत. एलएचडीचे ऑपरेटर भाऊ डब्यात तिळगूळ घेऊन आले, पिट-टॉपवर सगळ्यांना वाटला. मग सहज म्हणाले, "मॅडम, मशीन किती गेली ते केबलच्या ड्रमवरून कळून राहिलं ना. मले तर आवाजावरून कळते." अठरा वर्षं ही मशीन चालवणारा माणूस.

ड्रमवर एन्कोडर लावला. केबल एका टोकाला गेट एंड बॉक्सला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीला, बांधलेली असते, दुसरं टोक मशीनवरच्या ड्रमवर. जेवढी सुटली तेवढं अंतर. वळणावर केबल कोपऱ्याला घासून आत येते आणि आकडा कमी भरतो, ढील पडली तर जास्त. पण चिखल, धूळ, काळोख, कमानी, कशाचाच तिच्यावर परिणाम नाही. सरळ गॅलरीत अर्ध्या मीटरच्या आत बरोबर. लायडर एक कमान गिळतो तेव्हा केबल साक्ष देते की मशीन हलली होती. कुठल्याच शोधनिबंधात मी हे वाचलं नव्हतं. हिशोबात घेतलं.

२४ जानेवारी, बुधवार

आज एक वाईट घटना, कोणाला इजा नाही. तिसऱ्या क्रॉस-कटपाशी दुसरं लोडर उभं होतं. त्याच्या लोखंडी धडामुळे चौथ्या अँकरचा सरळ मार्ग अडला आणि ठोका भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने आला. अंतर अडीच मीटर जास्त. फिल्टरने, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र करणाऱ्या आमच्या गणिताने, ते मानलं. पडद्यावर एलएचडी अडीच मीटर मागे दिसत होती, आणि खात्रीचा लंबगोल (मशीन ज्याच्या आत असल्याचा पेटीचा दावा असतो तो) हाताच्या पंजाएवढा. ऑपरेटर भाऊ स्वतः चालवत होते म्हणून काही झालं नाही. मशीन आमच्या आकड्यावर चालत असती तर ती क्रॉस-कटचा कोपरा तोडून आत गेली असती.

अडवलेल्या ठोक्याची चूक एकाच बाजूची असते. तो लांबचा रस्ता घेईल, पण सरळ रेषेपेक्षा जवळचा रस्ता नाहीच. म्हणून जास्त आलेल्या अंतराकडे संशयाने पाहायचं, कमी आलेल्याकडे तेवढ्या नाही. वजन ठरवण्याचं सूत्र एकतर्फी केलं. शिवाय पहिल्या आलेल्या ठोक्याची ताकद एकूण ताकदीच्या मानाने फार कमी असेल तर ती नोंद बाजूला. दोन्हीमुळे आजची नोंद पुन्हा चालवली तेव्हा चूक चाळीस सेंटिमीटरवर आली आणि लंबगोल दीड मीटर लांब झाला. मला दुसऱ्या आकड्याचं समाधान जास्त आहे.

रात्री झोप लागली नाही. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत नऊ माणसं अडकली, कारण शेजारच्या बंद खाणीचा नकाशा चुकीचा होता आणि नकाशाप्रमाणे लांब असलेलं पाणी प्रत्यक्षात भिंतीपलीकडे होतं. नऊही वाचली. त्यानंतर कार्नेगी मेलनने ग्राउंडहॉग नावाचा रोबॉट बनवून बंद खाणींत नकाशे काढायला पाठवला. आपल्याकडे धनबादजवळची चासनाळा कोळसाखाण: २७ डिसेंबर १९७५, पाणी फुटलं, ३७५ माणसं गेली. माहिती नसणं वाईटच. पण चुकीच्या माहितीवर माणूस थांबत नाही, पुढे जातो. आमच्या पेटीने आज तेच केलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

नियम पक्के केले आणि भिंतीवर चिकटवले. लांबीच्या दिशेची अनिश्चितता अर्ध्या मीटरच्या वर: वेग निम्मा. एक मीटरच्या वर: थांब. अँकर, लायडर, चाक आणि केबल यांपैकी दोन साक्षीदार एकमेकांशी जुळत नसतील तर अनिश्चितता काही का असेना: थांब. थांबल्यावर पुन्हा सुरू माणसानेच करायचं.

आज बंद करून ठेवलेल्या जुन्या भागात, व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीने, दोन्ही टोकांना साखळी लावून आणि आत कोणी नसताना छोटा बॅटरी रोव्हर स्वतःचा स्वतः सोडला. माणसाच्या चालीपेक्षा हळू. ७० मीटर गेला, वळला, परत आला. एकदा थांबला. मेट भाऊंनी साखळीपाशी उभं राहून विचारलं, "काऊन थांबून राहिला जी?" नोंद पाहिली: आम्हीच मुद्दाम झाकलेला अँकर. बरोबर थांबला होता. भाऊंना सांगितलं तर ते समाधानाने म्हणाले, "मंग हुशार हाय."

मोठ्या खाणींत हे पुष्कळ पुढे गेलंय, हे मला माहीत आहे. स्वीडनच्या किरुनात आणि चिलीच्या एल तेनिएन्तेत वीसेक वर्षांपूर्वीच लोडर दूरच्या खोलीतून आणि आपोआप चालायला लागले. तिथे रुंद, आखीव, त्या कामासाठीच काढलेल्या गॅलऱ्या आहेत. इथे चार मीटरची, शंभर वर्षांच्या कामातून वाढत गेलेली, जागोजागी बुजवलेली खाण. तिथलं उत्तर उचलून इथे ठेवता येत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हेअर साहेबांपुढे परीक्षा. त्यांनी टोटल स्टेशन छतातल्या सात नंबरच्या खिळ्याखाली लावलं, एलएचडीवर प्रिझम बसवलं. अकरा फेऱ्या, प्रत्येक फेरीत मशीन वीस ठिकाणी थांबवून दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. हाताने, वहीत, कारण त्यांचा वहीवर विश्वास आहे.

२२० पैकी २०९ ठिकाणी फरक ३० सेंटिमीटरच्या आत. उरलेल्या अकरांपैकी नऊ ठिकाणी पेटीने स्वतःच मीटरभर अनिश्चितता दाखवून थांबायला सांगितलं होतं. दोन ठिकाणी पेटी चुकीची होती आणि तिला ते कळलं नव्हतं. दोन्ही कमानींच्या भागात, जिथे पहिल्या अँकरची रेषा केजच्या दारामुळे अडते.

साहेबांनी वही मिटली, चष्मा पुसला. "तीस सेंटिमीटर मशीनला चालेल," म्हणाले. "ते दोन काढा."

४ मार्च, सोमवार

ते दोन काढण्यासाठी शाफ्टजवळ सातवा अँकर बसवला, केजच्या दाराच्या वर. शिवाय पाच कमानींवर परावर्तक पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर पट्ट्यांची संख्या वेगळी. लायडरला परतलेल्या किरणाची तीव्रताही कळते, म्हणजे आता त्या कमानी एकसारख्या राहिल्या नाहीत. चार फेऱ्या झाल्या, एकही कमान गिळली गेली नाही. चार फेऱ्या पुरेशा नाहीत. महिनाभर रोज.

फेस नऊ मीटर पुढे गेला. छतात नवी खुंटी ठोकली, साहेबांनी ओळंबा सोडून स्टेशन नंबर बारा दिलं. आमचा नकाशा तिथपर्यंत वाढवला.

दुसऱ्या क्रॉस-कटमधला स्टोप उद्यापासून वाळूने भरणार आहेत. दुपारी एक वाजता तिथला अँकर काढला, भिंतीतले दोन्ही बोल्ट सोडवले, केबल गुंडाळली. जाण्याआधी आतून एकदा पूर्ण स्कॅन घेतला. नकाशात त्या तोंडावर उद्याच्या तारखेने भिंत काढून ठेवली आहे.